जरा चालून दाखव

आमची पहिली गाठ पडली तेव्हा तो खुर्चीत बसला होता आणि मी उभी होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं भांडण त्यातूनच झालं.

साल त्रेपन्न. आम्ही बदलापूरला राहत होतो. बाबा, म्हणजे विष्णुपंत, अंबरनाथच्या एका कारखान्यात हेडक्लार्क होते. दसरा होऊन गेला होता, भातं पिवळी पडली होती आणि मला बघायला चौथं स्थळ आलं होतं. आई सगळ्यांना सांगायची की कुंदाच्या नाकावर राग असतो. खोटं आहे ते. राग मी कुठून शोधून आणत नाही, लोकच तो मला ताटात वाढून देतात.

मुलगा अंबरनाथचाच. नाव गुरुदत्त. तिथल्या दुसऱ्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, यंत्रांचे नकाशे काढायचा. आईवडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे सुनंदाआत्यांनी वाढवलेला. टांग्यातून ती दोघं उतरली तेव्हा मी स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं घालत होते. बाहेर आले तोवर मुलगा खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला होता.

मग नेहमीचं सुरू झालं. नाव विचारलं, जे त्यांना माहीत होतं. सुईत दोरा ओवायला लावला. वर्तमानपत्र वाचायला लावलं. आत्याबाई बोलायला मोठ्या गोड होत्या, प्रत्येक वाक्याच्या शेवटी बाळ म्हणायच्या. आणि शेवटी म्हणाल्या, “आता जरा चालून दाखव हो बाळ. त्या दारापासून इथपर्यंत.”

यात नवं काही नव्हतं. तेव्हा सगळ्याच मुलींना चालून दाखवावं लागायचं. मुलगी लंगडत तर नाही ना, पाय तिरके तर पडत नाहीत ना, ते बघून घ्यायचे. आधी तीनदा मी मुकाट चालले होते. या वेळीही चालले असते. पण मी बाबांकडे पाहिलं तर ते मान डोलवत होते, आणि मुलाकडे पाहिलं तर तो खाली फरशीकडे बघत होता. त्याच्या मागे खिडकी होती आणि खिडकीत चंदेरी.

चंदेरीचा सुळका आमच्या घरातून रोज दिसायचा. मी शाळेत होते तेव्हापासून मला तिथं जायचं होतं. दिनानाथमामा चित्रकलेचे मास्तर, ते शाळेतल्या मुलांना घेऊन दरवर्षी तिथं जायचे. परत आले की गुहेतल्या गार पाण्याच्या आणि वानरांच्या गोष्टी सांगायचे. मी हट्ट धरला की बाबा म्हणायचे, मुलीच्या जातीला डोंगर कशाला? पाय मोडला तर लग्न कोण करील? म्हणजे पाय जपून ठेवायचे ते कशासाठी, तर या दारापासून त्या खुर्चीपर्यंत चालून दाखवण्यासाठी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“चालते की,” मी म्हटलं. “पण दारापासून इथपर्यंत चालून काय कळणार? त्या चंदेरीवर चालून दाखवते. ज्यांना बघायचंय त्यांनी बरोबर यावं.”

आईच्या हातातला कप बशीवर किणकिणला. बाबांचं तोंड असं झालं की आता हे मला आत ओढून नेणार... आणि तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. तोपर्यंत तो एक शब्द बोलला नव्हता.

“कधी जायचं?” त्यानं विचारलं.

“अरे गुरू—” आत्याबाई एकदम म्हणाल्या. त्यांचा गोड आवाज पार उतरला होता. त्या घाबरल्यासारख्या का दिसतायत ते तेव्हा मला कळलं नाही. मला वाटलं, मुलगी तोंडाळ निघाली म्हणून.

“येत्या रविवारी जाऊ,” तो म्हणाला. आता तो फरशीकडे नाही, सरळ माझ्याकडे बघत होता. डोळे चांगले होते. तेही मला आवडलं नाही. मी ताडकन आत निघून गेले आणि मंडळी टांग्यात बसून जाईपर्यंत बाहेर आलेच नाही.

तो आठवडा आमच्या घरात भांडी जरा जोरातच आपटली. बाबा माझ्याशी बोलेनात. पण मुलाकडचे हो म्हणाले होते, आणि मुलाकडच्यांना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. त्यामुळे जन्मात पहिल्यांदा मला चंदेरीची परवानगी मिळाली, तीही परक्या माणसाच्या एका वाक्यामुळे. याचाही मला राग आला.

बरोबर मामा येणार होते. मामा खूश होते. त्यांनी मला उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये नेऊन कॅनव्हासचे बूट घेऊन दिले. दुकानदार सिंधी होता, मोठा बोलका. बूट कशाला पाहिजेत ते मामांनी सांगितल्यावर तो म्हणाला, “शादी से पहले ही भागने की तैयारी? ले जा बेटी, ये बूट कभी धोका नहीं देगा.” मामा हसले, मी हसले नाही. माझा बेत पक्का होता. असं भराभर चालायचं की त्या नकाशेवाल्याची दमछाक व्हावी आणि नकार त्याच्याकडूनच यावा.

रविवारी पहाटे दोन बैलगाड्या निघाल्या. एकीत मी आणि कौसाबाई. ती डोंगराखालच्या चिंचवलीची, आमच्याकडे दूध घालायची, आणि वरपर्यंतची वाट तिच्या पायाखालची होती. मागच्या गाडीत मामा, तो आणि आत्याबाई. आत्याबाई चढणार नव्हत्या, त्या चिंचवलीच्या देवळात थांबणार होत्या. गाडी थांबली तशी मी उडी मारून उतरले. कुणाकडे न बघता बांधावरून चालू लागले. मागे वळून म्हणून बघायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

आणि मग डोंगराने मला घेतलं. दुसरं कसं सांगू? गवत कमरेइतकं उंच आणि दवाने ओलं. सोनकीची पिवळी फुलं उतारभर. कारवीच्या काठ्यांना धरून चढायचं, हात हिरवे व्हायचे. वर झाडीत वानरं खसफसत होती. कुठेतरी भेकर भुंकलं, अगदी कुत्र्यासारखं, आणि माझ्या अंगावर काटा आला. लुगड्याचा काष्टा खोचून मी चढत होते. कुणी म्हणत नव्हतं की हळू, कुणी म्हणत नव्हतं की पाय जप. इतकी वर्षं हे सगळं माझ्यापासून लपवून ठेवलं होतं, या विचाराने मी अजून जोरात चढायला लागले.

“काय गो बाय,” खालून कौसाबाई ओरडली, “वादळावानी कुठं चाललीस? मानसां मागं रायली ना.”

राहू देत, म्हटलं. मागून मामांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि मधूनमधून त्याचं. दर थोड्या वेळाने तो थांबायचा आणि म्हणायचा, मामा, तो बघा धनेश. मामा, कोतवाल शिक्र्याच्या मागे लागलाय बघा. डोंगर चढायचा सोडून हा पाखरं मोजत बसला होता. मग एका वळणावर, मी एकटी असताना, मागून शीळ आली. लांब, सावकाश, अगदी रिकामटेकड्या पोराने घालावी तशी.

मी ठरवलेलं सगळं विसरून तशीच खाली उतरले. तो वाटेत एका दगडावर बसला होता. मामा दम खायला बरेच मागे थांबले होते आणि कौसाबाई त्यांच्याजवळ होती.

“शीळ घालायला लाज नाही वाटत?” मी म्हटलं.

“मी?”

“नाही, मी. इथं अजून कोण आहे?”

तेवढ्यात परत शीळ आली. त्याचे ओठ मिटलेले होते. त्याने ओढ्याकडे बोट दाखवलं. दगडावर एक काळंनिळं पाखरू बसलं होतं आणि मान वर करून शीळ घालत होतं.

“कस्तूर आहे तो,” तो म्हणाला. “मी त्याला समज देतो. मुलींना बघून शीळ घालू नये म्हणून.”

मला हसू आलं. ते मी गिळलं. हसू गिळलं की राग दुप्पट होतो, निदान माझा तरी. “तुम्ही चढायला आलात की बसायला?” मी विचारलं.

“दोन्ही. बसलं नाही तर हा दिसला नसता.”

“आणि बसून राहिलात तर डोंगर दिसणार नाही.”

“तो दिसतोय की,” तो म्हणाला, आणि डोंगराकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला... मी वळले आणि पुन्हा चढू लागले. या वेळी पाय जरा चुकत होते. त्याला कारण दवाने निसरडी झालेली वाट होती, दुसरं काही नाही.

रागात चाललं की वाट चुकते. वर दोन घळी फुटत होत्या, मी भलतीत शिरले आणि कारवीच्या भिंतीपाशी जाऊन अडकले. मुकाट्याने परत फिरले. ओढ्याच्या वळणावर ओली बारीक वाळू होती. मामा वर जाऊन तोंड धूत होते, कौसाबाई तंबाखू मळत होती, आणि तो वाळूच्या कडेला बसून खाली निरखून बघत होता. मला बघून त्याने हळूच हाताने बोलावलं.

“तुम्ही याच्या शेजारून गेलात,” तो म्हणाला.

वाळूत ठसे होते. गोल, पसरट, माझ्या तळहाताएवढे. बिबट्या. रात्री पाणी प्यायला आला असावा. त्याने दाखवलं की नखं उमटत नाहीत, कुत्र्याची उमटतात. मागचा पाय बरोबर पुढच्याच्या ठशावर पडतो, म्हणून चार पायांच्या जनावराची रांग दोनच पायांची वाटते. बोलताना त्याचा आवाज खाली गेला होता, देवळात बोलतात तसा. मीही खाली बसले. आमचे खांदे जवळ आले होते आणि त्याच्या शर्टाला उन्हाचा आणि गवताचा वास येत होता. एका ठशावर माझ्या नव्या बुटाचा शिक्का होता. बिबट्याच्या पायावर पाय देऊन मी तरातरा पुढे निघून गेले होते.

“आणि हे कोणाचे?” मी विचारलं.

शेजारून अजून एक रांग आली होती. डावा बूट पूर्ण उमटलेला. उजव्याचा मात्र फक्त पुढचा भाग, तोही तिरपा, आणि त्याच्या मागे वाळूत ओढल्याची लांब रेघ. परत डावा पूर्ण. परत उजव्याची रेघ.

“हे माझे,” तो म्हणाला.

मी ती रेघ बघत राहिले. ती तो बसला होता तिथपर्यंत येऊन थांबली होती. मग मला टांगा आठवला, खिडकीजवळची खुर्ची आठवली, आणि आत्याबाईंचा उतरलेला आवाज आठवला.

“म्हणजे त्या दिवशी मी यायच्या आधीच तुम्ही बसला होतात.”

“बसवलं होतं. आत्या तसंच करते. मुलगी बाहेर यायच्या आत बसायचं, ती आत गेल्यावर उठायचं.” लहानपणी ताप आला होता, त्यात उजवा पाय वाळला, असं त्याने सांगितलं. आधी दोन ठिकाणी त्यांनी खरं सांगितलं होतं, तेव्हा मुलीकडच्यांनी पोहेसुद्धा पुढे केले नव्हते. तेव्हापासून आत्याबाईंनी ही युक्ती काढली होती. लग्न झाल्यावर मुलगी कुठे जाते, असं त्यांचं म्हणणं.

“आणि माझे पाय मात्र बघून घेणार होतात,” मी म्हटलं. माझा आवाज चढला, मामांनी मान वर केली, मला पर्वा नव्हती. “मला दारापासून खुर्चीपर्यंत चालायला सांगितलंत. स्वतः फरशी बघत बसलात. तेव्हा उठायला काय झालं होतं?”

“भीती वाटली.”

“कसली?”

“तुम्ही बाहेर आलात, तेव्हापासून वाटायला लागली,” तो म्हणाला. “त्याआधी नव्हती वाटत.”

या बोलण्याचं काय करावं ते मला कळेना. असं बोलून माणसाने समोरच्याचा राग अर्ध्यावर तोडू नये. मी दुसरीकडून धरलं. मग आज कशाला आलात, म्हटलं. आजही लपवायचं होतं ना? पाखरं बघायचं ढोंग करत?

“लपवायला?” आता तोही रागावला. त्याचा राग मी पहिल्यांदा बघत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “मी दाखवायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, ज्यांना बघायचंय त्यांनी बरोबर यावं. मला वाटलं, चला, खोलीत नाही जमलं ते उघड्यावर तरी जमेल. पहिल्या बांधावरच तुम्हाला दिसेल, तुम्ही तिथूनच परत फिराल, आणि संपेल एकदाचं. पण तुम्ही एकदा मागे वळून बघाल तर शपथ. सकाळपासून मी तुमच्या मागून लंगडतोय, कुंदाताई, आणि तुम्हाला फक्त शीळ ऐकू आली.”

कौसाबाई फिस्सकन हसली आणि तिने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. “पाखरां बगतो ती खरी बगतो हा त्यो,” ती म्हणाली. “ढोंग नाय.”

“थांबावं लागतं म्हणून बघायला शिकलो,” तो म्हणाला. “आता थांबावं लागलं नाही तरी थांबेन.”

“मला ताई म्हणू नका,” मी म्हटलं.

पुढची चढण उभी होती. तो म्हणाला, तुम्ही जा, मी सावकाश येतो. मी म्हटलं, मी कुणासाठी थांबणार नाही. तो म्हणाला, थांबू नकोस. तेव्हा तो मला पहिल्यांदा तू म्हणाला, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

मी गेले. खिंडीत वारा असा होता की पदर धरवेना. पुढे कातळावरून हातपाय टेकत गुहेशी पोचले. ज्याच्यासाठी इतकी वर्षं हट्ट केला ते माझ्यासमोर पसरलं होतं. एकीकडे माथेरानची लांब रांग, दुसरीकडे मलंगगड. खाली उल्हास नदीचं वळण, आमचं बदलापूर, अंबरनाथच्या कारखान्यांची धुराडी, आणि त्यापलीकडे कॅम्पातल्या बराकींच्या ओळी. गुहेतलं पाणी मामा सांगायचे तितकंच गार होतं. मला रडू आलं, आनंदाने. आणि लगेच खटकलं की हे बघ असं म्हणायला शेजारी कुणी नाही. भांडायलासुद्धा कुणी नाही.

मी काठावर बसून खाली पाहिलं. मामा खिंडीतच फतकल मारून बसले होते, छातीवर हात ठेवून. कौसाबाई त्यांना पदराने वारा घालत होती. आणि एक पांढरा शर्ट वर येत होता. दोन पावलं यायचा, थांबायचा, हाताने कातळ चाचपायचा, उजवा पाय उचलून वर ठेवायचा, मग अंग ओढून घ्यायचा. परत थांबायचा. एकदा घसरला. माझ्या तोंडून आवाज निघाला असता, पण मी पदर तोंडात धरला. वाऱ्यात तो आवाज गेला तर तो वर बघेल आणि हात सुटेल, असं वाटलं.

त्याला वर यायला किती वेळ लागला कोण जाणे. मी पूर्ण वेळ बघत होते. त्याने माझं चालणं जेवढं पाहिलं नव्हतं तेवढं मी त्याचं पाहिलं. शेवटच्या कातळाशी मी हात पुढे केला. त्याने तो बघितला आणि म्हणाला, “रागात आहेस ना? मग सोडून देशील.”

“रागात आहे म्हणून घट्ट धरीन,” मी म्हटलं. त्याने हात धरला. तळवा खरचटलेला होता, कोपरापर्यंत माती लागली होती.

आम्ही गुहेच्या तोंडाशी बसलो. तो धापा टाकत होता, मी त्याला पाणी दिलं. तो पाणी पिता पिता थांबला. त्याने माझं मनगट धरलं, अगदी हलकं, आणि दुसऱ्या हाताने समोर दाखवलं. दरीपलीकडच्या कातळावर, उन्हात, बिबट्या पडला होता. सोनेरी अंगावर काळे ठिपके, लोंबती शेपटी, डोळे अर्धे मिटलेले. सकाळी ज्याच्या ठशावर मी पाय दिला होता तोच असावा, निदान मला तसंच वाटत आलंय. त्याने एक जांभई दिली, उठला, आणि कातळावरून असा उतरला की जणू कुणी पाणीच सांडलं. मग तिथं नुसता कातळ राहिला. मनगट मात्र धरलेलंच राहिलं.

“एकदाच बघितलास,” तो म्हणाला, “आणि माझ्याबरोबर बघितलास. आता तू नाही म्हणालीस तरी हे माझ्याकडे राहील.”

“नाही म्हणतेय कोण?”

मी मनगट सोडवलं नाही, पण आवाज मऊ केला नाही. त्याला स्पष्ट सांगितलं, मला तुम्ही आवडलात, का ते विचारू नका, मलाच त्याचा राग आलाय. पण असं लपवून झालेल्या लग्नात मी उभी राहणार नाही. तुम्ही मला चालून दाखवलंत, त्याचा काय उपयोग? ज्यांनी मला चालायला सांगितलं त्यांना दाखवा. माझ्या बाबांसमोर, त्याच खोलीत, त्याच दारापासून.

“ते नाही म्हणतील,” तो म्हणाला.

“म्हणतील.”

“मग?”

“मग मी भांडेन. मला येतं ते.”

तो कातळाला धरून उठला. उतरताना मी त्याच्या पुढे नव्हते. मागेही नव्हते.

पुढच्या गुरुवारी ती दोघं बोलणी करायला आली. डोंगरावर काय झालं ते मामांनी आणि मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं ते त्याने सांगायचं होतं. मामा बाहेर बाबांजवळ बसले होते, मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेर टांगा थांबला, आवाज आले, खुर्ची सरकली, आणि मग आत्याबाईंचा गोड बोल सुरू झाला. मी ट्रे घेऊन दारात आले आणि पाहिलं.

तो खुर्चीत बसला होता. खिडकीजवळच्या.

मला वाटलं, हा ट्रे इथेच टाकावा आणि मागच्या दाराने निघून जावं, बूट कोपऱ्यात आहेतच. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, कारण या वेळी रागाच्या खाली दुसरं काहीतरी फुटत होतं.

तेवढ्यात तो उठला.

आत्याबाईंनी त्याची बाही धरली. त्याने ती सोडवली. आणि शहाबादी फरशीवरून तो माझ्याकडे चालत आला. डाव्या बुटाचा टप्पा, मग उजव्याची ओढ. टप्पा, ओढ. आमच्या घराला तो आवाज नवा होता. बाबांच्या हातातला अडकित्ता थांबला. खोली काही मोठी नव्हती, पण तेवढी चाल मला चंदेरीहून लांब वाटली. माझ्यापाशी येऊन त्याने माझ्या हातातला ट्रे घेतला आणि वळला. कप किणकिणत होते, दर पावलाला चहा बशीत सांडत होता, आणि तो तसाच चालत बाबांसमोर जाऊन उभा राहिला.

“दारापासून इथपर्यंत,” तो म्हणाला. “मागच्या वेळीच करायला हवं होतं. चुकलो.”

आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बाबा उभे राहिले. त्यांच्या कपाळावरची शीर दिसू लागली, ती माझ्याकडेही आलीय. ही फसवणूक आहे, असं ते आत्याबाईंना म्हणाले, मुलगी काय आम्हाला जड झालीय का? मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “कुंदा, आत जा.”

“नाही जाणार,” मी म्हटलं. “मला चालायला सांगितलं तेव्हा तुम्ही मान डोलावलीत, बाबा. त्यांना कुणीही सांगितलं नाही, ते आपणहून चालले. मला हाच माणूस हवाय.”

आई आतून दारात आली. बाबांनी मामांकडे बघितलं. मेहुण्याचा सल्ला त्यांनी कधी घेतलेला मला आठवत नाही, पण त्या दिवशी विचारलं. हा वर गेला होता का? गुहेपर्यंत?

“गेला,” मामा म्हणाले. “मी खिंडीत बसलो होतो. धड पाय होते माझे.”

तो ट्रे धरून तसाच उभा होता, त्याने ट्रे खाली ठेवला नाही. शेवटी बाबांनी बशीतला सांडलेला चहा परत कपात ओतला, कप उचलला आणि एक घोट घेतला. मग मान माझ्याकडे वळवली आणि खिडकीजवळची रिकामी खुर्ची दाखवली.

“बस तिथं,” ते म्हणाले. “पाहुण्यांसमोर किती वेळ उभी राहशील?”

बघायला येणाऱ्यांच्या समोर खुर्चीत मी कधी बसले नव्हते. मुलींनी बसायचं नसतं. मी जाऊन बसले. खिडकीतून चंदेरी दिसत होती, आणि खोलीत आता मी बसलेली होते आणि तो उभा. त्याने आत्याबाईंना कप दिला, आईला दिला, मामांना दिला, आणि शेवटी ट्रे घेऊन माझ्यासमोर आला.

“राग गेला?” त्याने अगदी हळू विचारलं.

“नाही.”

“मग कधी जाईल?”

मी कप घेतला. त्यात अर्धाच चहा उरला होता, बाकीचा सगळा बशीत.

“परत वर जाऊ तेव्हा बघू,” मी म्हटलं. “आता बसा. दमला असाल.”